‘हॅड’ आणि ‘हिम’: एक घरगुती वाद

काका साताऱ्याकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. पुतणी पुण्यात इंग्रजी कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद करते. दोघांचं बाकी सगळं जमतं. पण इंग्रजीतल्या एका चिमुकल्या तुकड्यावरून हमखास वाजतं. तो तुकडा म्हणजे गौण वाक्यातला ‘हॅड सीन हिम’ किंवा ‘हॅव रेड इट’: पूर्णकाळाचं क्रियापद आणि त्याला लागून कर्म म्हणून आलेलं सर्वनाम. काकांच्या मते हा नियमाचा मामला आहे, पाठ करा आणि मोकळे व्हा. पुतणीच्या मते नियमाचा पायाच कच्चा आहे. या वेळचा वाद असा झाला.

काका: अगं, यात अवघड काय आहे? भूतकाळात दोन गोष्टी घडल्या, तर आधीचीला ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप, नंतरचीला साधा भूतकाळ. ‘आय कुडन्ट ओपन द डोअर बिकॉज ही हॅड लॉक्ड इट.’ त्यानं कुलूप लावलं आधी, मी पोचलो नंतर. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो हा नियम.

पुतणी: पोचतो, पण खरा नाही. हे वाक्य घ्या: ‘ही गॉट अप, टूक अ बाथ अँड रेड द पेपर.’ उठणं आधी, अंघोळ मग, पेपर त्यानंतर. एकामागून एक तीन गोष्टी घडल्या, आणि ‘हॅड’चा पत्ता नाही. तुमच्या नियमानं पहिल्या दोन्ही क्रियापदांना ‘हॅड’ लागायला हवा होता.

काका: तिथं घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम एकच आहे. म्हणून गरज नाही. क्रम उलटा सांगायचा असेल तर ‘हॅड’.

पुतणी: मग आपण नियम बदललाच की! म्हणजे ‘हॅड’ घटनांच्या क्रमावर ठरत नाही. सांगणारा कुठे उभा राहून मागे बघतोय, त्यावर ठरतो. हान्स रायशेनबाख नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १९४७ साली तर्कशास्त्रावरच्या पुस्तकात हेच मांडलं. काळ समजायला दोन बिंदू पुरत नाहीत, तीन लागतात: घटना घडली तो क्षण, आपण बोलतोय तो क्षण, आणि या दोहोंखेरीज एक संदर्भाचा क्षण. ‘ही हॅड लॉक्ड इट’ म्हणताना बोलणारा आत्तापासून मागे बघत नाही. तो मनानं दारापाशी उभा राहतो आणि तिथून मागे बघतो. दार हा संदर्भबिंदू, कुलूप त्याच्याही मागे. ‘ही हॅज लॉक्ड इट’ म्हटलं की संदर्भबिंदू येऊन ‘आत्ता’वर बसतो. रूपातला फरक एवढाच, हॅज की हॅड. पण उभं राहायची जागा बदलली.

काका: आठवीच्या पोराला हे तीन बिंदू सांगायचे? त्याला भूमितीतले बिंदू धड समजेनात.

पुतणी: सांगू नका. पण त्याला सुटं वाक्य देऊन ‘रिकाम्या जागा भरा’ म्हणू नका. ‘ही ___ इट’ एवढंच दिलं तर तो काय भरणार? संदर्भबिंदू त्या वाक्यात नसतोच, तो शेजारच्या वाक्यात असतो. गंमत म्हणजे ‘इट’चंही तसंच. ‘इट’ म्हणजे कुलूप, दार, की पेटी, हे त्या वाक्यात कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून म्हणते, ‘हॅड’ आणि ‘इट’ ही एकाच स्वभावाची माणसं आहेत. दोघंही मागच्या कुणाच्या तरी आधारानं उभी. बार्बरा पार्टी या अमेरिकन भाषाविज्ञ बाईंनी १९७३ मध्ये काळ आणि सर्वनाम यांच्यातल्या साधर्म्यावर निबंध लिहिला. त्यातला शेगडीचा दाखला गाजला. प्रवासाला निघालेली बाई हायवेवर म्हणते, ‘मी शेगडी बंद केली नाही.’ म्हणजे जन्मात कधीच केली नाही असं नव्हे. बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात एक ठरावीक वेळ आहे, घर सोडतानाची. त्या वेळेबद्दल ती बोलतेय. ‘तो’ म्हटल्यावर आपण जसं ‘कोण तो’ शोधतो, तसं भूतकाळ ऐकला की ‘कधीचा’ ते शोधतो.

काका: ऐकायला छान आहे. पण ही तुझी जुळी भावंडं एकसारखी वागत नाहीत. ‘आफ्टर ही हॅड रेड इट, ही टोअर इट अप.’ यातला ‘हॅड’ काढ. ‘आफ्टर ही रेड इट.’ काही बिघडलं? ‘आफ्टर’नंच क्रम सांगितला, ‘हॅड’ नसला तरी चालतं. आता ‘इट’ काढून बघ. ‘आफ्टर ही हॅड रेड, ही टोअर अप.’ वाक्य लंगडं झालं. एकाला रजा मिळते, दुसऱ्याला नाही. मग जुळी कसली?

पुतणी: हा मुद्दा तुमचा. ‘हॅड’ अर्थासाठी असतो, अर्थ दुसरीकडून मिळाला तर तो घरी बसतो. ‘इट’ मात्र वाक्याच्या रचनेसाठी हवाच. पण हे इंग्रजीचं वैशिष्ट्य आहे, जगाचा नियम नव्हे. आपण म्हणतो, ‘चिठ्ठी आली. वाचली, फाडली.’ ‘ती’ कुठे म्हटलं आपण? क्रियापदातल्या ‘ली’मध्येच ती चिठ्ठी आहे. पत्र असतं तर ‘वाचलं, फाडलं’, कागद असता तर ‘वाचला, फाडला’. कर्म क्रियापदाच्या शेपटीत बसलेलं असतं, म्हणून सर्वनामाला सुट्टी. इंग्रजीतलं ‘रेड’ मुकं आहे. काय वाचलं याचा त्याला पत्ताच नाही. म्हणून ‘इट’ बाहेरून आणावं लागतं.

काका: म्हणजे आपला कर्मणी प्रयोग जिथं बोलतो तिथं इंग्रजीला सर्वनाम लागतं.

पुतणी: आणि पूर्वी इंग्रजीचंही काहीसं आपल्यासारखं होतं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘हॅव’ म्हणजे खरोखर ‘जवळ असणं’. ‘माझ्याकडे तो बांधलेला आहे’ अशी ती रचना. कर्म मध्ये यायचं, आणि ‘बांधलेला’ हे रूप कधीकधी त्या कर्माच्या लिंग-विभक्तीप्रमाणे प्रत्यय घ्यायचं. पुढे प्रत्यय झिजले, ‘हॅव’ नुसतं साहाय्यक क्रियापद झालं, आणि कर्म मधून उठून शेवटी जाऊन बसलं. फ्रेंचमध्ये आजही कर्माचं सर्वनाम साहाय्यक क्रियापदाच्या आधी येतं आणि कर्म स्त्रीलिंगी असेल तर लिहिताना कृदंताला स्त्रीलिंगी प्रत्यय लागतो.

काका: मग ‘मधून उठून शेवटी’ हेच तर मी मुलांना सांगत आलो! जागा चुकली की अर्थ चुकतो. ‘आय वॉज लेट बिकॉज आय हॅड रिपेअर्ड द बाइक’ आणि ‘बिकॉज आय हॅड द बाइक रिपेअर्ड’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सर्वनाम घातलं तर ‘हॅड रिपेअर्ड इट’ म्हणजे मी स्वतः हात काळे केले. ‘हॅड इट रिपेअर्ड’ म्हणजे गॅरेजवाल्याकडून करून घेतली. शब्द तेच तीन, फक्त ‘इट’ एक घर पुढे सरकलं. हे बिंदूंनी समजत नाही, घोकूनच समजतं. तसंच ‘पिक अप’चं. नाम असेल तर ‘पिक्ड अप द बॅग’ चालतं, ‘पिक्ड द बॅग अप’ही चालतं. सर्वनाम आलं की ‘हॅड पिक्ड इट अप’ एवढंच. ‘हॅड पिक्ड अप इट’ म्हणालीस तर इंग्रज लगेच ओळखतो, ही बाई बाहेरची.

पुतणी: ते घोकायलाच हवं, मान्य. जागेचा नियम घोकता येतो. काळाचा येत नाही. तुमच्याच नियमानं हे सोडवा: ‘ही डाइड बिफोर ही हॅड फिनिश्ड इट.’ दोन घटना. ‘हॅड’ कोणाला? पूर्ण करण्याला. म्हणजे तुमच्या हिशेबानं पुस्तक आधी पूर्ण झालं आणि लेखक मग गेला.

काका: (थांबून) नाही. पुस्तक पूर्ण झालंच नाही.

पुतणी: झालंच नाही! जी गोष्ट घडलीच नाही तिला ‘आधी घडलेली’ म्हणून ‘हॅड’ लागला. आणि हे काही अपवादात्मक इंग्रजी नाही, कुठल्याही पेपरात सापडेल. मराठीत आपण ‘पुस्तक पूर्ण व्हायच्या आत तो गेला’ म्हणतो. इथला ‘हॅड’ ‘पूर्ण व्हायच्या’मधल्या ‘पूर्ण’चं काम करतोय, क्रमाचं नाही. क्रम तर ‘बिफोर’नं सांगितलाच आहे.

काका: मग तुझा रायशेनबाख तरी इथं कुठं पुरा पडतो? घटना घडलीच नाही तर तिचा बिंदू कुठं मांडायचा?

पुतणी: मांडता येत नाही सरळ. त्याचं चित्र साध्या वाक्यांसाठी आहे. ‘बिफोर’ आला की क्रमाच्या जोडीला काम पुरं झालं की नाही हाही प्रश्न येतो. पण निदान त्याच्या चित्रामुळे आपण ‘कुठून बघतोय’ हे विचारतो. तुमच्या नियमात तो प्रश्नच नाही.

काका: विचारून परीक्षेत मार्क मिळत नाहीत. बरं, भविष्यकाळाचं सांग. माझी मुलं हमखास एक चूक करायची: ‘व्हेन यू विल रीड इट, गिव्ह इट टू मी.’ मी सांगायचो, ‘व्हेन’नंतर ‘विल’ नाही; ‘व्हेन यू हॅव रेड इट’ म्हणा. विचारायची, सर, पुढची गोष्ट असून ‘विल’ का नाही? मी म्हणायचो, इंग्रजीची रीत.

पुतणी: रीत आपलीही तीच आहे. ‘तुझं वाचून झालं की मला दे.’ गोष्ट उद्याची, आणि रूप कुठलं? ‘झालं’. भूतकाळी! ‘तू आलास की जेवायला बसू’, ‘पाऊस थांबला की निघू’. गौण वाक्यात आपणही भविष्याला भूतकाळाचं रूप देतो, कारण मुख्य गोष्ट घडेपर्यंत ती पुरी झालेली असेल. मुलं ‘विल’ घालतात कारण त्यांनी ‘वाचशील तेव्हा’ धरून भाषांतर केलेलं असतं. ‘वाचून झालं की’ धरलं तर ‘व्हेन यू हॅव रेड इट’ आपोआप जुळतं.

काका: हे मला आवडलं. हे फळ्यावर लिहिता येईल.

पुतणी: आता माझ्या टेबलावरचं सांगते, फळ्यावर न मावणारं. चोरीच्या एका कादंबरीतल्या वाक्याशी माझी सकाळ गेली. ‘शी सेड ही’ड पुट इट ऑन द टेबल.’ हा ‘ही’ड’ कुणाचा? ‘ही हॅड’चा की ‘ही वुड’चा? ‘पुट’चं मूळ रूप, भूतकाळ आणि तिसरं रूप, तिन्ही एकच. म्हणजे ‘त्यानं ते टेबलावर ठेवलं होतं, असं ती म्हणाली’ किंवा ‘तो ते टेबलावर ठेवेल, असं ती म्हणाली’. एक चोरीच्या आधी, एक चोरीच्या नंतर. दोन्ही व्याकरणशुद्ध.

काका: ‘रीड’ही तसंच की! ‘शी’ड रीड इट’ आणि ‘शी’ड रेड इट’, बोलताना वेगळं, छापलं की अक्षरं तीच.

पुतणी: तेच ना. अशा वेळी वाक्यात काहीच सापडत नाही. दोन पानं मागे जावं लागतं: वस्तू घरात होती का, तो माणूस पुन्हा येणार होता का. मग कळतं. आणि ‘इट’ म्हणजे अंगठी की पाकीट, हेही त्याच दोन पानांत कळतं. दोन्ही उत्तरं एकाच ठिकाणी मिळाली, म्हणूनच मी यांना जुळी म्हणते. शिवाय ‘हिम’चा घोळ वेगळाच. ‘ही सेड दॅट द इन्स्पेक्टर हॅड सीन हिम.’ इन्स्पेक्टरनं पाहिलं कुणाला, बोलणाऱ्याला की तिसऱ्याच माणसाला? इंग्रजी सांगत नाही. मराठीला सांगावंच लागतं: ‘इन्स्पेक्टरनं आपल्याला पाहिलं होतं, असं तो म्हणाला’ की ‘त्याला पाहिलं होतं’. लेखकानं मुद्दाम झाकलेलं असेल तर अनुवादकाची पंचाईत.

काका: तुझ्या या सगळ्या कथेत एक गोष्ट खरी आहे, की सुटं वाक्य देऊन हे शिकवता येत नाही. पण माझंही ऐक. मराठी माध्यमातल्या पोरांना दोन पानं मागे जायला पुस्तकच हातात नसतं. त्यांच्याजवळ एक ओळ असते आणि तीन मार्क. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्याही वाक्यं जोडीनं घेऊनच: मराठी एक, इंग्रजी एक. त्यात संदर्भबिंदू नव्हता, तरी माणसं कोर्टात आणि कचेरीत इंग्रजी लिहीत होती.

पुतणी: लिहीत होती, आणि एक खास सवयही लावून घेत होती. आपल्याकडे कचेरीत रोज दिसणारं वाक्य घ्या: ‘प्लीज चेक द फाइल, ॲज आय हॅड सेंट इट लास्ट वीक.’

काका: चूक! शंभर टक्के चूक. ‘लास्ट वीक’ म्हणून वेळ ठरवून दिलीय, नंतरची कुठलीच घटना नाही. ‘आय सेंट इट’ पुरे. तुझ्याच तीन बिंदूंनी बघ, मागे बघायला मधला बिंदू कुठाय?

पुतणी: तो मराठीत आहे. ‘मागच्या आठवड्यात पाठवलं होतं’ हे आपलं एकट्यानं उभं राहणारं वाक्य आहे. ‘पाठवलं’ आणि ‘पाठवलं होतं’ यांत आपण फरक करतो. ‘पाठवलं’ म्हणजे बातमी. ‘पाठवलं होतं’ म्हटलं की पुढे एक न बोललेला ‘पण’ येतो. पाठवलं होतं, पण उत्तर नाही आलं. भेटलो होतो, पण काम नाही झालं. तो ‘पण’ हाच मधला बिंदू. आपण तो ‘होतं’ उचलून इंग्रजीत ‘हॅड’ म्हणून नेला. पुण्यातल्या ऑफिसात वाचणाऱ्यालाही तो ‘पण’ ऐकू येतो, कारण त्याच्याही डोक्यात ‘होतं’ आहे. दोघांचा समज एक असेल तर त्याला चूक का म्हणायचं?

काका: कारण हे पत्र पुण्यात थांबत नाही. लंडनच्या साहेबाला तो ‘पण’ ऐकू येत नाही. तो विचार करत बसतो, ‘हॅड सेंट’ म्हणजे कशाच्या आधी? मग नंतर काय झालं, फाइल परत घेतली की काय? तूच म्हणालीस ना, आधार वाचणाऱ्याला सापडला पाहिजे. साहेबाला सापडला नाही, म्हणजे वाक्य पडलं.

पुतणी: हे मात्र मी नाकारू शकत नाही. आधार लिहिणाऱ्याच्या डोक्यात असून भागत नाही.

काका: मग चूक कशाला म्हणायचं यावर आपलं अर्धं तरी जुळलं. मी म्हणतो नियम मोडला, तू म्हणतेस वाचणाऱ्याला संदर्भ मिळाला नाही. लाल शाई एकाच जागी पडते.

पुतणी: दर वेळी नाही पडत. पुण्यातल्या पत्रावर तुम्ही लाल शाई मारता, मी मारत नाही. आणि ‘बिफोर ही हॅड फिनिश्ड इट’वर तुमच्या नियमानं लाल शाई पडायला हवी, पण पडता कामा नये.

काका: तेवढं वाक्य माझ्या नियमातून वगळ. बाकी नियम मी सोडत नाही. पण प्रश्नपत्रिका मी आज काढली असती तर एक बदल केला असता. रिकामी जागा एका वाक्यात न देता तीन वाक्यांच्या उताऱ्यात दिली असती, आणि ‘हॅड’ची जागा नि ‘इट’ची जागा एकाच प्रश्नात ठेवली असती. ज्याला ‘इट’ म्हणजे काय ते सापडलं, त्याला ‘हॅड’ लागतो की नाही हेही सापडेल.

पुतणी: आणि ते ऑफिसचं पत्र? लंडनला पाठवायचंय असं धरा. तुम्हीच सुधारा.

काका: लिही. ‘प्लीज चेक द फाइल. आय सेंट इट लास्ट वीक. आय थिंक यू मे हॅव मिस्ड इट.’ ‘मे हॅव मिस्ड इट’, गौण वाक्य, पूर्णकाळ, मागे सर्वनाम, आणि सगळे आधार जागच्या जागी. तुझा न बोललेला ‘पण’ मी दुसऱ्या वाक्यात उघड लिहून टाकला.

पुतणी: व्याकरणाला शंभरपैकी शंभर, काका. पण साहेबाला तुम्ही तोंडावर सांगितलंत की त्यानं फाइल बघितली नाही. ‘पाठवलं होतं’मध्ये तीच तक्रार आपण न बोलता करत होतो.

काका: मग ‘पाठवलं होतं’ म्हणून वाट बघत बस. इंग्रजीत काम हवं असेल तर तक्रार पानावर दिसावी लागते.